पदराआडचं वाण

आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, एक आडवी वही सापडली. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानदार उधारी मांडायला ठेवत तसली. पहिल्या पानावर वर ‘श्री’, त्याखाली ‘संक्रांत, १९५९’ आणि मग शाईत दोन ओळी : ‘सुगडी पाच. वाण परसातल्या बोरांचे. बायका एकवीस.’ पान उलटलं तर १९६०. त्यापुढे १९६१. लग्न होऊन वाईला गंगापुरीतल्या घरात आल्यापासून आईनं दर संक्रांतीला काय लुटलं, त्याची ती नोंद होती.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या घोकून घेतल्या, तहांची कलमं फळ्यावर लिहिली. ही वही हातात आली तेव्हा मला वाटलं, ही घरगुती यादी, हिच्यात इतिहास कुठला! आठ-दहा पानं वाचल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले.

वाण हा शब्द जुना आहे. व्रताच्या सांगतेला जे द्यायचं त्याला संस्कृतात ‘वायन’ म्हणत, त्याचं मराठीत वाण झालं. पण संक्रांतीला वाण ‘देत’ नाहीत, ‘लुटतात’. हे क्रियापद मला फार आवडतं. जुन्या मराठीत ‘आवा लुटणे’ असा प्रयोग आहे. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. भट्टीतून निघालेली मडकी बायकांनी आपसांत वाटून टाकायची, ती आव्याची लूट. संक्रांतीचं मूळ वाण हे असं मातीचं भांडं. सुगड म्हणजे सुघट, चांगला घट. वर्षातल्या सगळ्यांत थंड दिवसांत, सगळ्यांत स्वस्त वस्तू, जी गावातल्या गावात तयार होते.

आमच्याकडे कुंभारीण पाटीत गवत घालून सुगडी आणायची. काळी सुगडी वेगळी, तांबडी वेगळी. भट्टीची तोंडं लिंपून आत धूर कोंडला की मडकं काळं निघतं, मोकळी भाजली की तांबडं. ती पैसे घेत नसे. कुंभार बारा बलुतेदारांतला, त्याचा वाटा सुगीला धान्यातून निघायचा. तरी आजी तिला सूपभर ज्वारी, गुळाचा खडा आणि ओला हरभरा द्यायचीच. म्हणजे सुगड आमच्या घरात येतानाच एका देवाणघेवाणीतून यायचं, आणि मग पाच घरी जायचं.

त्यात काय भरायचं? हरभऱ्याचे घाटे, उसाची पेरं, बोरं, गाजराचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, गव्हाची हिरवी ओंबी, तीळ आणि गूळ. ही यादी कुणा शास्त्र्यानं बसून ठरवली असेल असं मला वाटत नाही. जानेवारीच्या मध्यावर देशावरच्या शिवारात फिरा, नेमकं हेच दिसेल. तीळ खरिपाचा, तो नुकता घरात आलेला. गुऱ्हाळं दिवाळीपासून पेटलेली, नवा गूळ बाजारात. हरभरा घाट्यांत भरलेला, गहू ओंबीवर आलेला, बोरींची झाडं वाकलेली. ज्या बाईकडे स्वतःचे चार पैसे नव्हते, तिच्या हाती परसातली बोरं आणि बांधावरचा हरभरा मात्र होता. सासऱ्याला न विचारता ती एवढं देऊ शकत होती. वाणाची किंमत कमी का राहिली, याचं उत्तर मला इथे सापडतं. बायकांनी बायकांना द्यायची ही भेट होती आणि बायकांच्या ताब्यात जेवढं होतं तेवढ्यातच ती बसवलेली होती.

आमच्या सातारा जिल्ह्यात खेड्यापाड्यांत याला ववसा म्हणतात. माण तालुक्यात कुळकजाईजवळ सीतामाईचा डोंगर आहे, तिथे संक्रांतीला ववसायला बायकांची रीघ लागते. सुगडं घेऊन डोंगर चढायचा, सीतामाईला ववसायचं आणि मग वाटेत भेटेल तिला ववसायचं. ओळख असो नसो.

आणि पदर. वाण देताना त्यावर पदर झाकायचा आणि घेणारीनंही पदरात घ्यायचं. मी सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या काकूंना उघडीच वाटी द्यायला निघाले होते. आईनं मागून हाक मारली, “अगं, पदर नाही तर फ्रॉकचा घेर लाव, पण झाकून दे.” का, ते तिनं सांगितलं नाही, तिलाही कुणी सांगितलं नसावं. मला आता वाटतं, कुणी कुणाला किती दिलं हे तिसरीला दिसू नये यासाठीच तो पदर होता. एकीच्या घरी चांदीची कुयरी, एकीच्या घरी मूठभर बोरं, पण पदराखाली दोन्ही सारखीच. आईचा दुसरा नियम तिनं वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला आहे : एका दिवसाच्या भाजीला जितके पैसे लागतात त्याहून वाणाला जास्त लावायचे नाहीत.

मात्र पैसे वाचवले की कष्टही वाचले असं तिच्याकडे नव्हतं. हलव्याचं सांगते. आज हलवा पाकिटातून येतो, म्हणून तो कसा होतो हे पाहिलेले डोळे कमी उरले आहेत. पौष लागला की आई कल्हईची परात आणि मातीची शेगडी बाहेर काढायची. शेगडीत चार कोळसे, त्यांवर राखेचा थर, म्हणजे ऊब हवी पण धग नको. परातीत निवडलेले तीळ. शेजारी साखरेचा पाक, त्यात चमचाभर दूध घालून मळी वर आणायची, ती काढून पाक पंचातून गाळायचा. हा पाक चमचा-चमचा तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी परातीत फिरवत राहायचं. तीळ एकमेकांना चिकटू पाहतात, त्यांना सोडवायचं. वाळले की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी नुसते पांढरे, गुळगुळीत दाणे होतात. दुसऱ्या दिवशी जरा फुगतात. तिसऱ्या दिवशी, हवा कोरडी आणि गार असेल तर, त्यांना काटा फुटतो. काटा फुटला की आई आम्हांला उठवायची. पहाटेच्या अंधारात कंदिलाजवळ तळहातावर दाणा धरून दाखवायची, इवलासा, चहूबाजूंनी टोकं आलेला. आभाळ आलं तर काटा येत नाही, विस्तव वाढला तर पाक पिवळा पडतो. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं संक्रांतीनंतर आठवडाभर लाल असायची.

१९८६च्या जानेवारीत, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, तिनं त्याच हलव्याचे दागिने मला केले. दोऱ्यात दाणे ओवून तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, पुठ्ठ्यावर बसवलेली कर्णफुलं आणि जावयासाठी हार व नारळ. काळी चंद्रकळा नेसून मी ते घातले. सोन्याचं एक वळं करणं आमच्या घराला त्या वर्षी झेपलं नसतं. या दागिन्यांत तीळ, साखर, दोरा आणि पंधरा दिवसांची मेहनत होती. दुसऱ्या दिवशी आळीतली पोरं ते मोडून खात होती आणि आई ते बघत उभी होती, समाधानानं.

संक्रांतीच्या तारखेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण विद्यार्थी दर वर्षी विचारत. पानिपतचा घात १४ जानेवारी १७६१चा, म्हणून ‘संक्रांत कोसळली’ म्हणतात, अशी समजूत आहे. पण तेव्हा संक्रांत १४ जानेवारीला नव्हती. आपलं पंचांग ताऱ्यांच्या हिशेबानं चालतं, त्यामुळे इंग्रजी तारखेत संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ला जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे. म्हणजे मराठ्यांच्या छावणीतली संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. अन्नान्न दशा झालेल्या त्या छावणीत तिळाचा दाणा कुणाच्या हातावर पडला असेल का, हा विचार मला वर्गात दर वेळी यायचा.

या प्रथेच्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटणारी तारीख मात्र वेगळी आहे. जानेवारी १८५२. पुण्यात महिला सेवा मंडळानं तिळगुळाचा समारंभ ठेवला. मंडळाच्या अध्यक्ष होत्या कलेक्टरच्या पत्नी मिसेस जोन्स आणि चिटणीस सावित्रीबाई फुले. निमंत्रणात स्पष्ट केलेलं होतं, की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी एकाच जाजमावर बसतील आणि हळद-कुंकू लावताना, तिळगूळ देताना पंक्तिप्रपंच होणार नाही. सावित्रीबाई तेव्हा नुकत्या एकवीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांचं माहेर नायगाव, आमच्या वाईच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातलं. शाळा काढल्याबद्दल रस्त्यात शेण-दगड झेलणारी ही बाई. समाज एकत्र आणायला तिनं व्याख्यान किंवा ठराव निवडला नाही, तीळ आणि गूळ निवडला. कारण हळदी-कुंकवाला बाईनं घराबाहेर पडायला कुणाची हरकत नव्हती. पुण्यात सोवळ्या-ओवळ्याची सावली रस्त्यावर पडायची त्या काळात एका जाजमावर सगळ्या बसल्या, हातावर सारखाच तिळगूळ घेतला. वाण कशासाठी असतं, हे त्या समारंभाइतकं स्वच्छ कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

आता पुन्हा वहीकडे येते. १९६३ला काचेच्या बांगड्या. कासार घरी येऊन भरून गेला, डझनावर दोन बांगड्या वर दिल्या, अशी टीप. १९६४ला फण्या. १९६५ला खणाचे तुकडे. १९६६च्या पानावर अक्षर घाईचं आहे : ‘शास्त्रीजी ताश्कंदला गेले. आज हळदी-कुंकू नाही. रथसप्तमीला केले, फक्त तिळगूळ.’ शास्त्रीजी ११ जानेवारीला गेले, संक्रांत तीन दिवसांवर होती. मी पाच-सहा वर्षांची असेन. सुगडी कोनाड्यात तशीच ठेवलेली आठवतात.

१९६८चं पान मी विद्यार्थ्यांना दाखवायला हवं होतं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. वाईलाही भांडी फळीवरून खाली आली होती. महिन्याभरात संक्रांत. आईनं लिहिलंय : ‘वाणाचे पैसे कोयनेला. सर्व बायकांचे मत पडले. गोधड्या नऊ जमल्या. एकमेकींस हळद-कुंकू व तिळगूळ.’ सर्व बायकांचे मत पडले! गंगापुरीतल्या वीस-पंचवीस बायकांनी, ज्यांना घरात साधी पडद्याची खरेदीही विचारून करावी लागे, आपसांत ठराव केला आणि थंडीत उघड्यावर पडलेल्या माणसांना त्या वर्षीचं वाण पाठवून दिलं. जिल्ह्याच्या इतिहासात भूकंपाची तीव्रता सापडेल, या नऊ गोधड्या फक्त इथे आहेत.

१९७३ : ‘दुष्काळ. तीळ थोडे. गुळाचा खडा व कोमट पाणी.’ वाणाची जागा कोरी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायका आमच्या दारावरून जात, त्यांतल्या चौघी-पाच जणी त्या संध्याकाळी आल्याची नोंद आहे, गावांच्या नावांसकट.

त्यानंतर पानांचा रंग बदलत जातो. १९७७ला प्लॅस्टिकच्या साबणपेट्या. ‘बायकांस फार आवडल्या’ असं पुढे. १९८१ला स्टीलचे चमचे. ८३ला चहाची गाळणी. बोरं, ओंब्या हळूहळू सुगडापुरत्या उरल्या आणि वाण बाजारातून यायला लागलं. पुण्यात रविवार पेठेत आणि बोहरी आळीत डझनाच्या भावानं वाण मिळतं हे आईला कळलं आणि ती एसटीनं जाऊन एक खोका घेऊन आली. मी तिला दोष देत नाही. लाकडाच्या धुरात जन्म काढलेल्या बाईला चकचकीत गाळणीचा आनंद होणारच. पण घरोघरी त्याच गाळण्या फिरायला लागल्या. एकीच्या घरून आलेली दुसरीच्या घरी, तिथून तिसरीच्या. पदराखाली काय आहे ते झाकल्यावरही सगळ्यांना ठाऊक असायचं. महाराष्ट्रात २०१८ला प्लॅस्टिकवर बंदी आली, त्यानंतर कापडी पिशव्या, रोपं, पुस्तकं असं वाण लुटायला बऱ्याच जणींनी सुरुवात केली. हे मला चांगलं वाटतं. माझ्या एका मैत्रिणीनं घरच्या घेवड्याचं बियाणं कागदी पुडीत घालून वाटलं, ते अजून दोन बाल्कन्यांत वेलावर आहे.

‘यंदा संक्रांत पिवळ्यावर आहे’ म्हणून पिवळी वस्तू देऊ नये, अमुक काठाची साडी नेसू नये, असल्या अफवा दर वर्षी उठतात. आईच्या वहीत याची एक ओळही नाही. तुम्हीही मनावर घेऊ नका.

वहीतलं शेवटचं भरलेलं पान १९८८चं. वाण : रुमाल, आईनं स्वतः टाचलेले, कोपऱ्यात तिळाचं फूल भरलेले. बायका चौतीस. आईची सवय अशी की पान लिहून झालं की उलटून पुढच्या वर्षाचं मथळ्याचं काम ती लगेच उरकायची. म्हणून त्यापुढच्या पानावर ‘श्री’ आहे, ‘संक्रांत, १९८९’ आहे. खाली काही नाही. १९८८च्या श्रावणात वडील गेले.

ज्या बाईनं तीस वर्षं आळीला वाण लुटलं, तिला त्या जानेवारीत एकाही घरून बोलावणं आलं नाही. कुणी वाईट नव्हतं. त्यांतल्याच बायकांनी वडील गेले तेव्हा आमच्याकडे आळीपाळीनं स्वयंपाक केला होता. रीतच तशी होती आणि मीही त्या रीतीतच होते : सासरी माझं हळदी-कुंकू मी केलं आणि आईला फोन करून ‘या’ म्हटलं नाही. तिचा हलवा मात्र सगळ्यांना हवा असायचा. आळीतल्या नव्या नवरीमुलींचे दागिने तीच करायची, पुढे पंचवीस वर्षं. दागिने तयार झाले की डबा भरून पाठवून द्यायची, स्वतः जायची नाही. ‘मी आले तर त्यांची पंचाईत होईल’ म्हणायची. २०१६ला ती गेली.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. ती बातमी मी पुण्याच्या घरात वर्तमानपत्रात वाचली तेव्हा वही माझ्या कपाटात होती. सावित्रीबाईंच्या जाजमाला तेव्हा १७० वर्षं झाली होती.

१९८९चं पान मी तसंच कोरं ठेवलंय. पुढच्या पानावर २०२३ सुरू केलं. पहिल्या वर्षी माझ्या हलव्याला काटा आला नाही, पाक जास्त झाला. दुसऱ्या वर्षी आला. नोंद अशी आहे : ‘संक्रांत, २०२४. तांबडी सुगडी, ओला हरभरा, बोरं, घरचा काटेरी हलवा. बायका सव्वीस. त्यांत नवरा नसलेल्या नऊ, लग्न न केलेल्या तिघी, घरकामाला येणाऱ्या दोघी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुस्लिम वहिनी.’ त्या नऊ जणींतल्या एकीचं वय ८१. कुंकू लावायला मी बोट पुढे केलं तेव्हा तिनं आधी कपाळ मागे घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढे केलं. वाण तिनं पदरात घेतलं, झाकून.

तुमच्या घरी हळदी-कुंकवाची यादी तयार होत असेल. संक्रांत झाली तरी रथसप्तमीपर्यंत दिवस असतात. वाणाला मूठभर हरभरा पुरतो. ज्या दारावर आजवर गेला नाहीत, तिथे स्वतः जाऊन बोलावून या, फोन करू नका.